नको तो जीव जाळ्यात येऊ नये म्हणून : मासेमारी नौकेसाठी कामांचा क्रम

विसाव्या शतकात माणसाने सुमारे २९ लाख देवमासे मारले. यंत्रावर चालणाऱ्या वेगवान नौका आणि टोकाला स्फोटक बसवलेला हार्पून, म्हणजे दोर बांधलेला भाला, हाती आल्यावर, जे देवमासे पूर्वी वल्ह्यांच्या होड्यांना गाठताच येत नसत, तेही संपू लागले. १९४६ साली वॉशिंग्टन येथे झालेल्या करारातून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग उभा राहिला, १९८२ साली आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला आणि १९८६ पासून ही बंदी अमलात आली. नॉर्वे आणि आइसलँड यांनी पुढेही शिकार केली आणि जपान २०१९ साली आयोगातून बाहेर पडला, तरीही बंदीचे फळ दिसते आहे. दक्षिण अटलांटिकच्या पश्चिम भागात एकेकाळी जेमतेम ४५० उरलेले हंपबॅक देवमासे आज सुमारे २५,००० झाले आहेत.

आता दुसरे चित्र पाहा. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातात, अगदी उत्तर टोकाला, व्हाकिटा नावाचा एक लहानखुरा पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनसारखा सस्तन प्राणी, राहतो. त्याची शिकार कोणीच करत नाही. तो कोणाला हवाही नसतो. तरी १९९७ साली ५६७ असा अंदाज असलेले हे प्राणी आता दहाच्या आसपास उरले आहेत, कारण टोटोआबा नावाच्या माशासाठी आणि कोळंबीसाठी पाण्यात उभ्या केलेल्या जाळ्यांत ते गुदमरून मरतात. जगभरात देवमासे, डॉल्फिन आणि पॉरपॉइज मिळून दरवर्षी ३ लाखांहून अधिक प्राणी मासेमारीच्या साधनांत अडकून मरतात, असा अंदाज आहे. हार्पून बहुतेक ठिकाणी खाली ठेवला गेला, जाळे मात्र रोज पाण्यात जाते. म्हणूनच समुद्रातील जीवनाचा प्रश्न आज मोठ्या प्रमाणात जाळ्याच्या आसात (भोकात), गळाच्या आकारात आणि खलाशाच्या हातात येऊन थांबला आहे.

हा लेख नौकामालक, तांडेल (नौकेचे प्रमुख), खलाशी आणि मच्छिमार संस्थांमध्ये काम करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. बायकॅच, म्हणजे नको असताना जाळ्यात येणारे जीव, हे नशिबावर सोडण्याचे प्रकरण नाही. तो साधनाच्या रचनेतला आणि वापरातला दोष आहे आणि दोष शोधून काढता येतो. मात्र कामांचा क्रम चुकू देऊ नये. आधी नोंद, मग टाळणे, मग साधनात बदल आणि सर्वांत शेवटी सुटका. पुष्कळ ठिकाणी सुरुवातच सुटकेपासून होते, कारण ते काम डोळ्यांना दिसते आणि मनाला समाधान देते. परंतु जाळ्यातून जिवंत सोडलेला प्रत्येक प्राणी पुढे जगतोच असे नाही.

पायरी १ : प्रत्येक ओढीची नोंद

एक जाड पुठ्ठ्याची वही घ्यावी आणि ती सुकाणूच्या चाकाजवळ दोरीने बांधून ठेवावी. प्रत्येक ओढीला किंवा प्रत्येक जाळे उचलताना पुढील गोष्टी लिहाव्यात : जाळे कधी टाकले, कधी उचलले, पाण्याची खोली किती होती, जागा कोणती, हवी ती मासळी किती आली आणि नको असलेले काय आले. या शेवटच्या रकान्यात नुसते 'कासव १' असे लिहून भागत नाही. ते जिवंत होते की मृत, जाळ्याच्या कोणत्या भागात होते, वरच्या तरंग्यांजवळ की खाली शिशाच्या दोराजवळ, हेही लिहावे. पुढे नेमका उपाय ठरवताना हीच माहिती कामाला येते. डॉल्फिन वारंवार वरच्या दोन-तीन मीटरांतच अडकत असतील, तर जाळे खाली उतरवून बघण्याला अर्थ आहे. ते तळाजवळ अडकत असतील, तर त्या बदलाने काहीच साधणार नाही.

नोंदीत दोन चुका नेहमी होतात. पहिली चूक म्हणजे मोजमापाशिवाय आकडा लिहिणे. या महिन्यात चार कासवे आली आणि गेल्या महिन्यात सात आली, यावरून काही सुधारले असे म्हणता येत नाही, कारण या महिन्यात नौका कदाचित निम्मेच दिवस समुद्रात होती. म्हणून आकडा नेहमी कष्टाच्या मापाने मांडावा : ट्रॉलसाठी, म्हणजे नौकेमागून ओढल्या जाणाऱ्या जाळ्यासाठी, ओढीच्या दर तासामागे, गळांसाठी दर हजार गळांमागे, उभ्या जाळ्यासाठी दर किलोमीटर जाळ्यामागे आणि दर रात्रीमागे. दुसरी चूक घाईची आहे. जो प्राणी दोनशे ओढींत एकदा येतो, तो वीस ओढींत आला नाही म्हणून उपाय लागू पडला असे मानणे ही स्वतःची फसवणूक ठरते. विरळ प्राण्यांच्या बाबतीत आठ-दहा नौकांच्या वह्या एकत्र केल्याशिवाय चित्र दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मी फार मनापासून सांगतो. वही ही खलाशाला दोषी ठरवण्याचे साधन बनली, की त्या दिवसापासून तिच्यात खरे काही लिहिले जात नाही. मेलेला प्राणी रात्रीच पाण्यात लोटला जातो आणि रकाना कोरा राहतो. मृत डॉल्फिनची प्रामाणिक नोंद करणारा तांडेल हा या कामातला सर्वांत मोलाचा माणूस आहे आणि त्याला तसेच वागवले पाहिजे.

पायरी २ : कोणाची चिंता आधी करायची

जगातील समुद्री मासेमारीत दरवर्षी सुमारे ९१ लाख टन जीव पकडून परत फेकले जातात, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे अनुमान आहे. हा एकूण पकडीचा साधारण दहावा भाग होतो. या सर्वांकडे एकाच वेळी लक्ष देता येणार नाही, म्हणून वहीतल्या प्रत्येक प्राण्याला तीन प्रश्न लावावेत. तो हवेत श्वास घेतो का? घेत असेल, तर पाण्याखाली अडकल्यावर काही वेळातच बुडून मरतो. त्याला किती उशिरा आणि किती कमी पिल्ले होतात? आणि असे प्राणी त्या पाण्यात एकूण किती उरले आहेत?

तिसऱ्या प्रश्नाचे वजन समजण्यासाठी एक साधा हिशेब करून पाहू. अमेरिकेत १९९४ पासून सागरी सस्तन प्राण्यांसाठी एक सूत्र वापरले जाते. प्राण्यांची किमान संख्या, त्यांच्या सर्वाधिक वार्षिक वाढीचा निम्मा दर आणि सावधगिरीचा एक गुणक, या तिन्हींचा गुणाकार केला, की माणसामुळे वर्षाला जास्तीत जास्त किती मृत्यू झाले तरी ती संख्या सावरू शकते, हे कळते. देवमासे व डॉल्फिन यांच्यासाठी वाढीचा दर सहसा ४ टक्के धरतात. म्हणजे एखाद्या पाण्यात किमान १,००० डॉल्फिन असतील आणि गुणक ०.५ घेतला, तर १,००० × ०.०२ × ०.५ = १०. वर्षाला दहा, तेही सर्व नौकांचे मिळून! एखाद्या तांडेलाला 'आपल्या जाळ्यात वर्षातून एखादाच येतो' हे क्षुल्लक वाटते, कारण त्याच पाण्यात आणखी चाळीस नौकांच्या जाळ्यांतही एखादाच येतो, हे त्याच्यासमोर कोणी मांडलेले नसते.

पायरी ३ : गाठच पडू न देणे

साधनावर खर्च करण्याआधी वेळ, जागा, खोली आणि जाळे पाण्यात ठेवण्याचा काळ या चार गोष्टी बदलून पाहाव्यात, कारण त्यांना फारसे पैसे लागत नाहीत. जाळे जितका अधिक काळ पाण्यात, तितके अडकलेला प्राणी जिवंत हाती लागण्याची शक्यता कमी. एकाच ठिकाणी लागोपाठ दोन ओढींत कासव आले, तर तिसरी ओढ तिथे घेऊ नये आणि आसपासच्या नौकांना वायरलेसवरून तसे कळवावे. चांगली जागा आपल्यापुरती ठेवण्याची सवय मच्छिमारांमध्ये खोल रुजलेली आहे, हे खरे. वाईट जागा मात्र सर्वांना सांगितल्याने कोणाचेच नुकसान होत नाही.

खोलीच्या बदलाचे एक चांगले उदाहरण अरबी समुद्रातील आहे. पाकिस्तानच्या कुपा (ट्यूना) माशांच्या नौकांनी पृष्ठभागावर तरंगणारी आपली जाळी सुमारे दोन मीटर खाली उतरवून लावली, तेव्हा डॉल्फिन अडकण्याचे प्रमाण तीन चतुर्थांशाहून अधिक घटले. बदल काय होता, तर तरंगे आणि जाळ्याचा वरचा दोर यांमधली दोरी लांब करणे, एवढाच.

पायरी ४ : साधनात बदल

ट्रॉल जाळ्याबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे, कारण फेकल्या जाणाऱ्या मासळीतला सर्वांत मोठा वाटा तळाशी ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलचा असतो. कोळंबीच्या ट्रॉलमध्ये कासवांसाठी जे साधन बसवतात, त्याला टेड म्हणतात. जाळ्याच्या नरसाळ्यासारख्या भागात, खोल्याच्या (मासळी साठते त्या शेवटच्या पिशवीच्या) अलीकडे, धातूच्या गजांची एक जाळी तिरकी बसवलेली असते. कोळंबी गजांमधून मागे खोल्यात जाते. कासव मात्र गजांवर आपटून तिरक्या उतारावरून सरकत जाते आणि तिथे जाळ्यात ठेवलेल्या झडपेतून बाहेर पडते. दोन गजांमधले अंतर सुमारे १० सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावे आणि जाळी साधारण ४५ ते ५५ अंशांत असावी. नीट बसवलेले टेड आत आलेल्या कासवांपैकी ९७ टक्के कासवांना बाहेर काढते. अमेरिकेत १९८७ साली त्याचे नियम झाले आणि १९८९ च्या कायद्याने कासवांचे रक्षण न करणाऱ्या देशांची कोळंबी तिथे नाकारली जाऊ लागली, तेव्हापासून या साधनावर जगभर वाद झाला. 'टेड लावले की कोळंबी जाते' ही तक्रार मी कधीच उडवून लावत नाही, कारण चुकीच्या कोनात बसवलेल्या टेडमधून खरोखरच कोळंबी जाते.

म्हणून कोन हा या कामाचा जीव समजावा. जाळी फार उभी बसली, तर कासव गजांवर दाबून राहते, कचरा अडकतो आणि जाळ्याची वाट बंद होते. फार आडवी बसली, तर पाणी झडपेकडे वळते आणि त्याबरोबर कोळंबीही बाहेर जाते. नवे जाळे पाण्यात ताणले गेले की कोन बदलतो, त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांनंतर जाळे टांगून कोन पुन्हा मोजावा आणि नंतरही दर फेरीला मोजत राहावे. तळावर काटक्या, शंखशिंपले आणि दगड जास्त असतील, तर झडप खालच्या बाजूला ठेवावी, म्हणजे तो कचराही निघून जातो. स्वच्छ तळावर झडप वरच्या बाजूला ठेवलेली बरी. झडप बांधून ठेवलेले टेड मी धक्क्यावर पाहिलेले आहे. बाहेरून सर्व काही जागच्या जागी होते आणि झडपेच्या कडेला मात्र सुतळीचे सहा टाके घातलेले होते. त्या सहा टाक्यांनी साऱ्या साधनाचा पिंजरा करून टाकला होता. टाके घालणाऱ्याला कोळंबी वाचवायची होती; त्याच्या टेडचा कोन कोणी तपासून दिला असता, तर टाके घालण्याची वेळच आली नसती.

लहान मासळीसाठी खोल्याचा आस पाहावा. ओढताना ताण आला की शंकरपाळ्याच्या आकाराचा आस लांब होऊन मिटतो आणि मोठ्या आसाच्या जाळ्यातूनही पिल्ले निसटू शकत नाहीत. हाच आस चौकोनी बसवला तर ताणातही उघडा राहतो. आसाचा आकडा नियमाप्रमाणे बरोबर असूनही खोल्यात पिल्ले का भरतात, याचे उत्तर पुष्कळदा एवढ्यातच असते.

उभ्या जाळ्यासाठी, म्हणजे गिलनेटसाठी, दोन साधने आजमावलेली आहेत. आवाज करणारी लहान यंत्रे, ज्यांना पिंगर म्हणतात, ती जाळ्यावर ठरावीक अंतराने लावली असता पॉरपॉइज दूर राहतात. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या मेन आखातात १९९४ साली झालेल्या प्रयोगात पॉरपॉइज अडकण्याचे प्रमाण सुमारे ९२ टक्के घटले होते. परंतु मध्येच एखाद्या पिंगरची बॅटरी संपली की तिथे शांत खिंडार पडते, आणि काही ठिकाणी सील व सागरी सिंह या आवाजाचा अर्थ 'इथे मासे आहेत' असा लावायला शिकतात. दुसरे साधन हिरव्या एलईडी दिव्यांचे. पेरूमध्ये दिवे लावलेल्या जाळ्यांत हिरवी कासवे येण्याचे प्रमाण ६४ टक्के कमी झाले आणि हव्या त्या मासळीत घट झाली नाही.

गळांच्या लांब दोरीवर सरळ 'जे' आकाराच्या गळाऐवजी वर्तुळाकार गळ वापरावा. त्याचे टोक आत वळलेले असल्याने तो कासवाच्या घशात खोलवर न रुतता बहुधा जबड्याच्या कडेला अडकतो, आणि तिथून तो काढता येतो. आमिष म्हणून माकुलाऐवजी (स्क्विडऐवजी) मासा लावला, तर कासवे आणखी कमी येतात, कारण मासा ती तोडून तुकड्यातुकड्यांनी खातात आणि माकूल मात्र गळासकट गिळतात. थंड समुद्रांत अल्बाट्रॉससारखे पक्षी बुडत्या आमिषावर झेपावून गळाला लागतात आणि दोरीबरोबर खाली ओढले जातात. त्यासाठी रात्री दोरी सोडणे, गळ लवकर बुडावेत म्हणून वजन लावणे आणि नौकेच्या मागे फडफडणाऱ्या पट्ट्यांची दोरी ताणून ठेवणे, हे तिन्ही उपाय एकत्र करावेत. नामिबियाच्या गळांच्या नौकांवर अशा उपायांनी पक्ष्यांचे मृत्यू ९८ टक्के कमी झाले.

पर्ससीनची, म्हणजे माशांच्या थव्याभोवती गोल टाकून तळाशी आवळायच्या जाळ्याची, गोष्ट थोडक्यात सांगण्याजोगी असली तरी धीर देणारी आहे. पूर्व प्रशांत महासागरात डॉल्फिनच्या कळपाखाली कुपा मासे पोहतात, म्हणून कळपाभोवतीच जाळे टाकले जाई. १९८६ या एका वर्षात तिथे १,३०,००० हून अधिक डॉल्फिन मेले. उपाय तिथल्या तांडेलांनीच काढलेला होता : जाळे अर्धे ओढून झाल्यावर नौका मागे घ्यायची, म्हणजे जाळ्याची दूरची कड पाण्याखाली जाते आणि डॉल्फिन तिच्यावरून निघून जातात; त्या कडेला बारीक आसाचा पट्टा लावायचा, म्हणजे त्यांची तोंडे अडकत नाहीत. ही कसरत, नौकेवरचे निरीक्षक आणि प्रत्येक नौकेला नेमून दिलेली मृत्यूंची मर्यादा, या तिन्हींमुळे पुढे हा आकडा वर्षाला हजाराच्या आसपास आणि नंतर त्याहून खाली आला.

पायरी ५ : तरीही अडकलेच, तर

मेल्यासारखे दिसणारे कासव मेलेलेच असते असे नाही. पाण्याखाली गुदमरलेले कासव निपचित पडते. डोळ्याच्या कडेला किंवा शेपटीला हलकेच स्पर्श करून काही हालचाल होते का, ते पाहावे. त्याला पाठीवर उलटे करू नये आणि पोटाच्या कवचावर दाबूही नये. पोटावर पालथे ठेवून मागचा भाग किमान १५ सेंटीमीटर उंच करावा, म्हणजे फुप्फुसांतले पाणी निथळते. सावलीत ठेवून अंगावर ओले कापड टाकावे, नाकपुड्या मात्र उघड्या ठेवाव्यात. त्याला किमान चार तास आणि गरज पडल्यास चोवीस तास द्यावेत. तिसऱ्या तासाला मान जराशी उचलून एक लांब, घरघरता श्वास घेणारे कासव ज्याने पाहिले आहे, तो खलाशी पुन्हा कधी निपचित कासव घाईने पाण्यात लोटत नाही. सोडताना इंजिन न्यूट्रलमध्ये असावे, जाळे पाण्यात नसावे आणि कासव नौकेच्या मागच्या बाजूने, डोके पुढे करून, हळुवार उतरवावे.

गळ गिळलेला असेल, तर ओढू नये. दोरी शक्य तितकी तोंडाजवळ कापावी. मुशी आणि पाकट यांना आकडा मारू नये, शेपटीने किंवा कल्ल्यांत हात घालून उचलू नये. व्हेल शार्क जाळ्यात आला, तर त्याला नौकेवर घेण्याचा प्रयत्न न करता बाजूला पाण्यातच धरून जाळे कापावे. कापलेल्या जाळ्याची भरपाई कोणी द्यायची, हे मच्छिमार संस्थेने आधीच ठरवून ठेवले पाहिजे, कारण त्या क्षणी खलाशाच्या मनात पहिला विचार जाळ्याच्या किमतीचाच येतो आणि त्यात त्याची काहीच चूक नाही.

मोठा देवमासा दोरात अडकलेला दिसला, तर पाण्यात उडी मारू नये. २०१७ साली कॅनडाच्या सेंट लॉरेन्स आखातात एक अत्यंत अनुभवी बचावकर्ता, जो स्वतः मच्छिमार होता, देवमाशाला मोकळे केल्याच्या दुसऱ्याच क्षणी त्याच्या फटक्याने मरण पावला. मागे घसटत जाणारा दोर किंवा तरंगा कापूनही टाकू नये. प्रशिक्षित पथकाला पकडायला तीच एक जागा असते, आणि दिसणारा भाग कापल्यावर मांसात रुतलेला दोर तसाच राहतो. जागा, दिशा आणि वेळ कळवावी, लांबून छायाचित्रे काढावीत आणि मदत येईपर्यंत अंतर ठेवून सोबत राहावे. पथक येते तेव्हा ते त्या दोराला मोठे तरंगे जोडून देवमाशाला थकवते आणि मग लांब काठीला लावलेल्या आकडेदार सुरीने एकेक वेढा कापते. ही तरंगे जोडण्याची युक्ती जुन्या देवमासे-शिकाऱ्यांची आहे. जी मारण्यासाठी शोधली गेली, ती आज सोडवण्यासाठी वापरली जाते.

पायरी ६ : हरवलेले जाळे

नायलॉनचे हरवलेले जाळे कुजत नाही आणि कोणी उचलत नसताना मारत राहते. प्रत्येक जाळ्यावर नौकेची खूण असावी, हरवल्यास जागा वहीत लिहावी आणि तळावरून लोखंडी आकडे ओढून ते शोधण्याचा प्रयत्न त्याच फेरीत करावा, कारण नंतर जागा सापडत नाही. खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या दारावर कुजणाऱ्या सुतळीचा एक टाका ठेवावा. पिंजरा हरवला तर काही काळाने दार आपोआप उघडते.

पायरी ७ : पुन्हा वहीकडे

उपाय लागू केल्यावर तुलना त्याच हंगामाशी आणि त्याच पाण्याशी करावी. शक्य असेल तर एक ओढ साधनासह, एक साधनाशिवाय अशी आलटून पालटून घ्यावी आणि दोन्हींत हवी ती मासळी किती आली, हेही तितक्याच काळजीने लिहावे. पकड घटली असेल, तर साधन काढून टाकण्याआधी त्याचा कोन, जागा आणि बांधणी तपासावी, दुरुस्ती करावी आणि पुन्हा किमान तीस-चाळीस ओढी घ्याव्यात. दुरुस्ती कोणती केली, तेही त्याच पानावर तारखेसह लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या हंगामात वही हाती घेणाऱ्या तांडेलाला सर्व पहिल्यापासून करावे लागणार नाही.